भंगारात काढलेलं मशीन खरंच मेलेलं होतं का?

(या भागाचं लेखी रूप. ऐकताना जे पटकन निसटतं, ते इथे निवांत वाचा.)

आजची गोष्ट एका छपाईच्या मशीनची आहे. म्हणजे खरं तर त्या मशीनसमोर उभं राहून 'हे आता संपलं' असं कागदावर लिहिणाऱ्या माणसांची.

आता तुम्ही म्हणाल, जुनं मशीन तपासायचं, निकामी असेल तर भंगारात द्यायचं, यात इतिहास कुठून आला? तर अब्दुल करीम तेलगी हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. २०२३ मध्ये 'स्कॅम २००३' ही वेबसिरीज आली, तेव्हा तर ते नाव प्रत्येकाच्या फोनवर होतं. बनावट मुद्रांकांचा, म्हणजे स्टॅम्प पेपरचा तो घोटाळा. त्यात पोलीस होते, पुढारी होते, पैसा होता. पण गोष्टीच्या एका कोपऱ्यात काही जुनी मशिनं उभी होती, आणि ती आपल्या नाशिकरोडची होती. आज त्या कोपऱ्यात जाऊया.

ट्रॉलीत हात घालणारा माणूस

सुरुवात लासलगावच्या बाजार समितीतून करू. १९४७ साली ही समिती स्थापन झाली, आणि आज कांदा म्हटलं की देशभर हिचं नाव निघतं. सकाळी लिलावात व्यापारी काय करतो ते आठवा. ट्रॉलीचा वरचा थर तो बघतो, पण त्यावर भाव लावत नाही. हात आत घालतो, खालचे चार कांदे बाहेर काढतो, दाबून बघतो. वरचा थर कोणीही सजवू शकतो हे त्याला माहीत असतं.

दुसरी गोष्ट. गोल्टी कांदा आणि सडलेला कांदा यात तो गल्लत करत नाही. गोल्टी म्हणजे बारीक माल. मोठ्या मालाच्या पंगतीत तिला जागा नाही, भाव कमी. पण खायला ती चांगली असते, आणि घेणारं गिऱ्हाईक तिला असतंच. सडलेला कांदा मात्र कोणाच्याच कामाचा नाही. 'मला नको' आणि 'कोणालाच उपयोगी नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. लासलगावात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

सरकारी कारभारातही हा फरक लिहून ठेवलेला आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत एखादी वस्तू विल्हेवाटीला काढायची तर तीन शब्द येतात: जादा, कालबाह्य आणि निकामी. जादा म्हणजे चांगली आहे, पण गरजेपेक्षा जास्त झाली. कालबाह्य म्हणजे चालते, पण तिच्यापेक्षा बरी वस्तू आली. निकामी म्हणजे चालतच नाही. तीन अवस्था एकदम वेगळ्या आहेत. पण तिन्ही अवस्थांतल्या वस्तू शेवटी एकाच यादीत जातात, एकाच आवारात उभ्या राहतात आणि बऱ्याचदा एकाच लिलावात निघतात. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्या नावावर तीच लाल रेघ पडते.

हे तीन शब्द लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्यांच्याच भोवती फिरते.

नाशिकरोडला प्रेस आली ती अशी

लासलगाव स्टेशनवरून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसा. उगाव, निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा, आणि मग नाशिकरोड. इथे गावात कोणी 'प्रेस' म्हटलं तर ते वर्तमानपत्राबद्दल बोलत नसतं. प्रेस म्हणजे सिक्युरिटी प्रेस आणि नोट प्रेस.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारताची पोस्टाची तिकिटं लंडनहून यायची, दे ला रू कंपनीकडून छापून. नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून यायच्या. म्हणजे इथल्या शेतकऱ्याने सारा भरायला काढलेली नोट समुद्र ओलांडून आलेली असायची. हे खर्चिक होतं, वेळखाऊ होतं, आणि पहिल्या महायुद्धाने दाखवून दिलं की समुद्राचा रस्ता कधीही धोक्यात येऊ शकतो. मग छपाई भारतातच करायचं ठरलं. नाशिकरोड मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर होतं, मुंबईपासून साधारण १८८ किलोमीटर. १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. १९२८ मध्ये शेजारी करन्सी नोट प्रेस सुरू झाली, आणि १९३२ पर्यंत भारताच्या सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या.

सिक्युरिटी प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं, मुद्रांक, पुढे पासपोर्टची पुस्तकं असा ऐवज छापला जातो. 'ऐवज' हा शब्द मुद्दाम वापरतोय. साध्या छापखान्यात कागद आत जातो आणि छापील कागद बाहेर येतो. इथे कागद आत जातो आणि किंमत बाहेर येते. शंभर रुपयांचा मुद्रांक छापायला शंभर रुपये खर्च येत नाही. बाकीची किंमत सरकारच्या शब्दाची असते. आणि तो शब्द कागदावर उमटवतं ते एक लोखंडी मशीन.

लोखंड म्हटलं की ते झिजणार, जुनं होणार. एक दिवस नवं मशीन येणार आणि कोणीतरी विचारणार, 'या जुन्याचं काय करायचं?'

जुनं मशीन तपासतात कसं

हे उत्तर द्यायचं तर आधी मशीनची अवस्था कळायला हवी. जाणता मेकॅनिक हे काम कसं करतो ते बघू, म्हणजे पुढची गोष्ट नीट समजेल. समजा आपल्यासमोर एक जुनं ऑफसेट मशीन आहे.

पहिली गोष्ट, रंगावर जायचं नाही. ताजा चकचकीत रंग दिसला की उलट जास्त सावध व्हायचं. मशीनची चौकट बिडाची असते. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या बिडाच्या तव्याचं. ते वजन पेलतं, पण त्याला तडा गेला तर वेल्डिंग नीट बसत नाही. म्हणून रंगाखाली कुठे वेल्डिंगचा उंचवटा आहे का, हे बोटाने चाचपून बघतात.

मग वीज बंद करून मशीन हाताने फिरवतात. पूर्ण फेरीत हाताला सारखाच जोर लागायला हवा. एखाद्या जागी अडखळलं की तिथे काहीतरी वाकलंय किंवा घासतंय. वंगणाचं तेल काढून त्यात लोहचुंबक फिरवतात. चुंबकाला बारीक लोखंडी चुरा चिकटला तर आतले गिअर किंवा बेअरिंग खाल्ले जातायत. सिलिंडरला डायल गेज लावून तो तरफेने किंचित उचलून बघतात. काटा हलला तर बेअरिंग ढिलं झालंय.

पुढे ग्रिपर. कागदाची कड चिमटीत पकडून त्याला मशीनमधून ओढत नेणारे हे छोटे चिमटे. ते तपासायची युक्ती फार साधी आहे. प्रत्येक ग्रिपरमध्ये कागदाची एकेक पट्टी अडकवायची आणि हाताने ओढायची. सगळ्या पट्ट्यांना सारखी ओढ लागायला हवी. एक पट्टी सहज सुटली तर छापताना कागद तिथे सरकणार.

रबरी रूळ कडक झालेत का, चकाकी आलीय का, हे बघतात. सिलिंडरच्या दोन्ही टोकांना गुळगुळीत कडी असतात, त्यांना बेअरर म्हणतात. त्यांवर ओरखडे किंवा खड्डे पडलेले असतील तर छपाईत आडवे पट्टे येतात. हलक्या रंगाचा एकसारखा पट्टा छापून बघितला की ते दिसतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर गिअरच्या दोन दातांमधल्या अंतराएवढं निघालं, तर चोर कोण ते कळलं.

आणि शेवटची परीक्षा. तोच कागद त्याच मशीनमधून दोनदा काढायचा. दोन्ही वेळच्या बारीक रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर मशीन अजून कामाचं. रेघ दुहेरी दिसली तर म्हातारपण आलं.

आता यातली गंमत बघा. या सगळ्या तपासणीनंतर 'पूर्ण मेलेलं' असं मशीन फार क्वचित निघतं. रूळ नवे टाकता येतात, ग्रिपर बदलता येतात, बेअरिंग बदलता येतं. चौकट शाबूत आणि सिलिंडर सरळ असला तर छपाईचं मशीन पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मोठ्या कारखान्याला ते परवडत नाही, कारण त्याला दिवसाला लाखो प्रती हव्यात आणि सुटे भाग मिळत नाहीत. पण ज्याला थोड्याच प्रती हव्यात, ज्याला घाई नाही, त्याच्यासाठी तेच मशीन सोनं असतं.

म्हणजे आपल्या भाषेत, ती गोल्टी असते, सडलेला माल नव्हे.

मराठी छापखाना जुन्या यंत्रांवर वाढला

आणि हे मी काही वाईट म्हणून सांगत नाहीये. मराठीचा छापील इतिहास बराचसा याच गुणावर उभा आहे.

गणपत कृष्णाजींचं उदाहरण घ्या. मुंबईत अमेरिकन मिशनचा शिळाछाप छापखाना त्यांनी पाहिला. विकत घ्यायला यंत्र नव्हतं, तर निरीक्षण करून, लाकूड आणि दगड जमवून त्यांनी स्वतःच एक उभं केलं. शाईसुद्धा स्वतः केली. १८३१ साली त्यांनी पंचांग छापलं. हातात होतं त्यातून काम भागवायचं, ही परंपरा तिथून सुरू होते.

जावजी दादाजी लहानपणी त्याच मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला होते. खिळा म्हणजे छापायचं धातूचं अक्षर. खिळा घासणं म्हणजे प्रत्येक अक्षराची कड बोटाने तपासणं. हीसुद्धा एक तपासणीच. त्याच बोटांनी पुढे १८६४ मध्ये खिळे ओतायचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची छपाई इतकी सुबक होती की देशभरचे पंडित तीच प्रत मागायचे.

आणि 'केसरी'? जानेवारी १८८१ मध्ये पहिला अंक निघाला, तो आर्यभूषण छापखान्यातून. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी या मंडळींकडे परदेशातून नवंकोरं यंत्र मागवायला पैसे कुठले? पुण्यात आधीच कोणाकडे तरी पडून राहिलेलं छापखान्याचं सामान त्यांनी विकत घेतलं आणि मोरोबादादांच्या वाड्यात हलवलं. टिळक-आगरकरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहिल्या, ही आठवण पुण्यात आजही सांगितली जाते. म्हणजे ज्या यंत्राकडे पाहून कोणीतरी 'हे पडूनच आहे' म्हटलं असेल, त्यातून पुढची चाळीस वर्षं सरकारला हैराण करणारं वर्तमानपत्र जन्माला आलं.

इंग्रज सरकारला हे बरोबर समजलं होतं, बरं का. १८६७ च्या कायद्याने छापखाना बाळगणाऱ्याला दंडाधिकाऱ्यासमोर तसं लिहून द्यावं लागायचं. १९१० च्या प्रेस कायद्यात तर जामीन जप्त करायची आणि पुढे छापखानाच सरकारजमा करायची तरतूद होती. लेखकाला पकडायचंच, पण यंत्रही काढून घ्यायचं. यंत्र मागे राहिलं तर दुसरा कोणीतरी ते चालवणार, ही ती भीती होती.

आजही निफाड तालुक्यातल्या एखाद्या लहान प्रिंटिंग प्रेसमध्ये जा. लग्नपत्रिका ऑफसेटवर किंवा डिजिटलवर छापली जाते. पण कोपऱ्यात एखादं जुनं ट्रेडल किंवा जुनं हायडेलबर्ग उभं दिसण्याची शक्यता भरपूर. बिलबुकावरचा तो लाल नंबर आणि फाडायची टोचलेली रेघ अजून त्याच्यावर मारली जाते. छपाईच्या दृष्टीने कालबाह्य, पण निकामी अजिबात नाही. व्यापाऱ्याच्या हिशोबपट्टीला क्रमांक देऊन ते रोज आपली भाकरी कमावतंय.

तर मुद्दा हा. जुनं मशीन जिवंत राहणं ही गोष्ट आपोआप चांगली किंवा वाईट नसते. ते कोणाच्या हातात आणि कशासाठी जिवंत राहतंय, यावर सगळं ठरतं.

खानापूर, मिंट रोड आणि नाशिकरोड

आता तेलगीकडे येऊ. १९६१ चा जन्म, बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर हे गाव. वडील रेल्वेत होते. स्टेशनवर फळं-भाज्या विकत शिक्षण झालं, मग परदेशात नोकरी, मग मुंबई. १९९४ च्या सुमारास त्याने मुद्रांकविक्रीचा परवाना मिळवला. सुरुवातीला खऱ्यांत खोटे मिसळून विक्री. पण खोटे आणायचे कुठून? तर पुढची पायरी म्हणजे स्वतःचाच छापखाना. मुंबईत मिंट रोडला, म्हणजे चक्क टांकसाळीच्या नावाच्या रस्त्यावर, त्याचा छापखाना सुरू झाला.

तपासात पुढे आलेला आणि त्या काळात सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलेला वृत्तांत असा, की या छापखान्यात नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसने जुनी म्हणून विल्हेवाटीला काढलेली मशिनं होती. लिलावात निघालेली. कागदावर भंगार, प्रत्यक्षात चालणारी.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. मुद्रांक घोटाळ्यात तेलगीला २००६ आणि २००७ मध्ये न्यायालयांनी दोषी ठरवून शिक्षा दिली. २००७ मधली शिक्षा पुण्याच्या विशेष न्यायालयाची, १३ वर्षांची सक्तमजुरी. पण नाशिकच्या न्यायालयात चाललेल्या एका वेगळ्या खटल्यात २०१८ च्या अखेरीस तो आणि बाकीचे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. तोवर तेलगी जिवंत नव्हता, ऑक्टोबर २०१७ मध्ये बेंगळुरूत त्याचा मृत्यू झाला. म्हणून 'प्रेसमधल्या अमुक माणसाने मुद्दाम केलं' असं बोट आपण इथे कोणाकडे दाखवणार नाही. त्याची गरजही नाही. कारण यात कोणी बेइमान नसता तरी हे घडू शकलं असतं, आणि मला जास्त महत्त्वाचं तेच वाटतं.

कसं ते बघा. एक समिती मशीनसमोर उभी राहते. तिला विचारलेला प्रश्न असतो, 'हे प्रेसच्या कामाचं आहे का?' समिती प्रामाणिकपणे तपासते. वेग कमी, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनला लाजवेल असा. ती लिहिते, 'नाही.' अहवाल शंभर टक्के खरा! मग मशीन आवारात जातं, किलोच्या हिशोबाने किंवा नगाच्या हिशोबाने त्याची बोली लागते, ट्रक येतो, मशीन फाटकाबाहेर जातं.

पण दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही: 'हे दुसऱ्या कोणाच्या कामाचं आहे का? आणि तो त्यातून काय छापेल?'

सूतगिरणीचं जुनं यंत्र विकलं तर जास्तीत जास्त दुसरा कोणी सूत काढेल. उसाचा जुना चरक विकला तर रस निघेल. पण सरकारचा शब्द उमटवणारं यंत्र फाटकाबाहेर गेलं, तर बाहेर पडतो तो सरकारचा शब्द. खोटा मुद्रांक करायला कागद, शाई, प्लेट आणि मशीन अशा चार गोष्टी लागतात. यातल्या प्रत्येकीभोवती कुलूप असायला हवं. चौथ्या कुलपाची किल्ली भंगाराच्या भावात गेली.

तुमच्या भाषेत सांगू? जुना फोन विकण्याआधी तुम्ही तो फॅक्टरी रीसेट करता. का? फोन तुमच्यासाठी संपला असला तरी त्यातली तुमची ओळख संपलेली नसते. छपाईच्या मशीनला असा रीसेटचा पर्याय नसतो. त्याचा रीसेट एकच. गॅस कटर घ्यायचा, सिलिंडर आडवा कापायचा, चौकट फोडायची, आणि हे सगळं साक्षीदारांसमोर करून त्याची नोंद ठेवायची. मग जे उरतं ते खरं भंगार.

खऱ्या मशीनमधून निघालेलं खोटं

कोणी म्हणेल, मशीनला एवढं काय महत्त्व? बनावट करणारा कुठलंही मशीन वापरेल. यावर एक परदेशी किस्सा सांगतो. योगायोग असा, की तो १९२५ चा आहे, नाशिकरोडच्या प्रेसच्याच वर्षाचा.

पोर्तुगालमध्ये आर्तुर आल्व्हेस दुश रैश नावाचा एक माणूस होता. त्याने खोटी नोट छापायच्या भानगडीत न पडता खोटी ऑर्डर तयार केली. बँक ऑफ पोर्तुगालच्या नावाची बनावट कागदपत्रं करून लंडनच्या वॉटरलो कंपनीला ५०० एस्कुदोच्या नोटा छापायला सांगितलं. वॉटरलो बँकेची खरी छपाईदार. तिने खऱ्या प्लेटवर, खऱ्या मशीनवर लाखो नोटा छापून दिल्या. नोटांवर वास्को द गामाचं चित्र होतं. डिसेंबर १९२५ मध्ये पोर्तो शहरात भांडं फुटलं, ते नोट बघून नव्हे. नोटेत खोट काढायला जागाच नव्हती! एकाच क्रमांकाच्या दोन-दोन नोटा सापडल्या तेव्हा कळलं. शेवटी बँकेला ती नोट चलनातूनच काढून घ्यावी लागली आणि खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला.

यातून काय दिसतं? खऱ्या यंत्रातून निघालेलं खोटं ओळखायला डोळे पुरत नाहीत. साधा माणूस नोट अंगठ्याने चाचपतो, मुद्रांक उजेडात धरतो. ही त्याची तपासणी. ती खरी ठरते ती एका गृहीतावर, की असा ठसा उमटवू शकणारं यंत्र सरकारच्या कुलपाआडच आहे. ते गृहीत मोडलं की अंगठ्याचा काही उपयोग नाही.

आणि मुद्रांक ही काही बड्या लोकांची गोष्ट नाही. लासलगावात, निफाडात, चांदवडला कोणाचं खरेदीखत, कोणाचं साठेखत, कोणाचा भाडेकरार, कोणाच्या मुलीचं शपथपत्र, सगळं त्या कागदावर. तेलगीचे बडे गिऱ्हाईक बँका, विमा कंपन्या, दलालांच्या पेढ्या होत्या असं तपासात निघालं. पण बातम्या आल्या तेव्हा कपाटातला जमिनीचा कागद काढून उलटसुलट करून बघणारी माणसं सामान्य घरातली होती. आपल्या बापाने पै-पै जोडून घेतलेल्या एकराचा कागद खरा की खोटा, ही शंका मनात येणं हेच मोठं नुकसान होतं.

मग बदललं काय?

२००५ मध्ये केंद्राचे सामान्य वित्तीय नियम नव्याने आले. विल्हेवाटीच्या प्रकरणात त्यांत एक स्पष्ट कलम आहे. ज्या जादा, कालबाह्य किंवा निकामी वस्तूंशी सुरक्षेचा प्रश्न जोडलेला आहे, त्या नेहमीच्या वस्तूंसारख्या विकायच्या नाहीत. योग्य रीतीने त्यांची विल्हेवाट लावायची किंवा त्या नष्ट करायच्या. उदाहरणं काय दिलीत माहितीये? चलन, पावतीपुस्तकं, मुद्रांक आणि, हो, सिक्युरिटी प्रेस. २०१७ च्या नियमांतही ते कायम आहे. म्हणजे न विचारलेला तो दुसरा प्रश्न आता नियमात लिहिलेला आहे.

२००६ मध्ये नाशिकच्या दोन्ही प्रेस, देवासची नोट प्रेस, हैदराबादची प्रेस, टांकसाळी आणि नर्मदापुरमचा, म्हणजे तेव्हाच्या होशंगाबादचा कागद कारखाना अशी नऊ युनिटं एका सरकारी महामंडळाखाली आली. मुद्रांकाच्या बाबतीत तर देश हळूहळू कागदावरून आकड्यावर गेला. फ्रँकिंग आलं, ई-स्टॅम्पिंग आलं. आता कागदावर एक क्रमांक असतो आणि तो खरा आहे का हे संगणकावर पडताळता येतं. पोर्तुगालची चोरी क्रमांकाने पकडली, आपण भरवसाच क्रमांकावर नेऊन ठेवला. ठसा झिजतो, ठशाचं यंत्र विकलं जातं. नोंद मात्र एका जागी राहते, निदान राहायला हवी.

पण म्हणून हा प्रश्न संपला असं समजू नका. यंत्राचं रूप बदललं, एवढंच. बँकेच्या शाखेतून निघालेला जुना संगणक, दवाखान्यातली जुनी हार्ड डिस्क, ग्रामपंचायतीने मोडीत काढलेला प्रिंटर आणि त्याच्यासोबत गेलेला गोल शिक्का. या प्रत्येकासमोर आजही कोणीतरी उभा राहून 'निकामी' असं लिहितोय. बहुतेक वेळा तो खरंच लिहितोय, पण एकाच प्रश्नाचं उत्तर लिहितोय.

या सगळ्यातून मला एक वाटतं, ते सांगतो. यंत्राची तपासणी आपण मेकॅनिकचं काम समजतो. बेअरिंग, ग्रिपर, रूळ, सिलिंडर. ते आहेच. ते काम जावजी दादाजींच्या बोटांसारखं मन लावून करणारी माणसं होती म्हणून मराठीत पुस्तकं आली. पण 'यात अजून किती जीव आहे' हे सांगणाऱ्या मेकॅनिकच्या शेजारी आणखी एक माणूस हवा. 'हा जीव कोणाच्या हातात जाणार' हे विचारणारा. पहिल्या माणसाने 'भरपूर जीव आहे' म्हटलं, तर दुसऱ्याचं काम तिथून सुरू व्हायला हवं. नाशिकरोडच्या गोष्टीत नेमकी ती खुर्ची रिकामी होती.

तुमच्या गावात, शाळेत, सोसायटीत, बँकेत पुढच्या वेळी जुन्या सामानाचा लिलाव निघाला, तर यादी जरूर वाचा. आणि लासलगावच्या व्यापाऱ्यासारखा हात थोडा आत घाला. वर लिहिलंय 'भंगार', खाली काय आहे ते बघा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत कोणी छापखान्यात काम केलेलं असेल, खिळे जुळवलेले, ट्रेडल पायाने मारलेलं, तर त्यांना हा भाग नक्की ऐकवा आणि त्यांच्याकडून एखादी गोष्ट आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात.